पुसूं नका, कंस करा!

पुणें जिल्ह्याच्या पश्चिमेस, तोरण्याच्या पायथ्याशीं वेल्हे नांवाचें गांव आहे. त्या गांवावरून सबंध तालुक्यासहि वेल्हे हेंच नांव होतें. सन २०२५ मध्यें शासनानें तालुक्याचें नांव बदलून तें ‘राजगड’ असें ठेविलें. ज्या गडावरून शिवछत्रपतींनीं वीस वर्षांहून अधिक काळ स्वराज्याचा कारभार पाहिला, त्या गडाचें नांव भोंवतालच्या मुलखास लाभावें यांत वावगें कांहींच नाहीं. आणि या नामांतराविरुद्ध लेखणी उचलण्याचा आमचा हेतुहि नाहीं. नव्या नांवाशीं आमचें भांडण नाहीं. जुन्या नांवाची जी वासलात लावण्याचें घाटत आहे, तिच्याशीं मात्र आहे.

त्याचें निमित्त असें झालें. या मुलखांतील जुने कागद संगणकावर कसे आणावे याचा विचार करण्यासाठीं मध्यंतरीं कांहीं मंडळी जमली होती; त्यांत आम्हांसहि बोलावणें होतें. नवें नांव आल्यावर जुन्या नोंदींचें काय करावें, असा प्रश्न निघाला. तेव्हां संगणकविद्येंत निष्णात असा एक तरुण, जो एके काळीं आमच्याच वर्गांत बसत असे, हसून म्हणाला, “सर, त्यांत काय एवढें? जेथें जेथें ‘वेल्हे’ असेल, तेथें तेथें ‘राजगड’ घालूं. एका आज्ञेचें काम आहे. पांच मिनिटें लागतील.” सभेंतील बहुतेक माना डोलल्या. आमची डोलली नाहीं. आणि ती कां डोलली नाहीं हें त्या वेळीं दहा मिनिटांत सांगतां न आल्यामुळें तें येथें सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें पाहूं कीं, ही पांच मिनिटांची आज्ञा प्रत्यक्षांत काय करील. ‘वेल्हे’ हा शब्द एक, पण त्यानें दाखविल्या जाणाऱ्या वस्तु दोन: एक गांव आणि एक तालुका. नामांतर तालुक्याचें झालें आहे, गांवाचें नव्हे. संगणकाच्या आंधळ्या आज्ञेस हा भेद दिसण्याचें कारण नाहीं. ती गांवालाहि राजगड करून टाकील, आणि तोरण्याखालचें गांव कागदोपत्रीं राजगडावर जाऊन बसेल! दुसरें असें कीं, पन्नास वर्षांपूर्वींच्या एखाद्या हुकुमावर ‘तालुका वेल्हे’ असें लिहिलेलें आहे. लिहिणाऱ्यानें तें खरें लिहिलें होतें. त्याच्या पश्चात् त्याच्या तोंडीं ‘राजगड’ हा शब्द घालणें म्हणजे, ज्यानें जें म्हटलें नाहीं तें त्यानें म्हटलें असें दाखविणें होय. खाजगी व्यवहारांत अशा कृत्यास आपण जें नांव देतों तें सर्वांस ठाऊक आहे. सरकारी व्यवहारांत मात्र त्यास ‘अद्ययावत् करणें’ असें म्हणण्याचा प्रघात पडूं पाहत आहे.

पण खरी गंमत पुढेंच आहे. ‘राजगड’ हें तालुक्याचें नांव या मुलखास नवीन नाहीं. भोर संस्थानांत विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ असे पांच तालुके होते. संस्थानानें आपल्या बहुतेक तालुक्यांस गडांचीं नांवें दिलीं होतीं. विचित्रगड म्हणजे रोहिडा व प्रचंडगड म्हणजे तोरणा, हें इतिहासाच्या वाचकांस सांगणें नलगे. सन १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें आणि ही रचनाहि त्याबरोबर इतिहासजमा झाली. आतां पाहा: आजच्या राजगड तालुक्यांत राजगड आहे आणि तोरणाहि आहे. संस्थानी अमदानींत तर तोरण्याच्या नांवाचा तालुका निराळा होता. अर्थात् त्या वेळचा ‘राजगड तालुका’ आणि आजचा ‘राजगड तालुका’ यांचें नांव एक असलें तरी हद्द एक नाहीं. म्हणजे ‘वेल्हे’ आणि ‘राजगड’ या दोन शब्दांनीं आज एकच वस्तु दाखविली जाते, आणि ‘राजगड’ या एकाच शब्दानें दोन काळांतल्या दोन निराळ्या वस्तु दाखविल्या जातात. शब्दाच्या जागीं शब्द ठेवणारी आज्ञा पहिल्या गोष्टीसाठीं काढली जाईल, आणि दुसरींत बुडेल.

हें केवळ तर्कट नव्हे. आमच्या एका विद्यार्थ्यावर हा प्रसंग आला. त्याच्या पणज्याच्या नांवचा भोर संस्थानाच्या काळचा एक कागद त्याच्या घरीं होता. त्यावर गांवाचें नांव आणि पुढें ‘तालुका राजगड’ असें होतें. एका कचेरींत पूर्वजांच्या रहिवासाचा पुरावा म्हणून त्यानें तो दाखविला. तेथील कारकुनानें संगणकांतील यादी उघडली, राजगड तालुका काढला आणि सांगितलें कीं, या तालुक्यांत असें गांवच नाहीं. गांव आहे, नदीकांठीं जेथें होतें तेथेंच आहे, मात्र तें आज दुसऱ्या तालुक्यांत मोडतें. मुलानें तीन खेपा घातल्या. प्रत्येक खेपेस यादीनें तेंच उत्तर दिलें, आणि कारकून बिचारा यादीपलीकडे जाऊं शकला नाहीं. अखेरीस एका निवृत्त अव्वल कारकुनानें, “अहो, हा संस्थानी राजगड!” असें सांगितलें तेव्हां उलगडा झाला. परंतु तोंपर्यंत ज्या शिष्यवृत्तीसाठीं तो पुरावा हवा होता तिची मुदत संपून गेली होती. कागद खरा होता, यादीहि खरी होती, कारकून प्रामाणिक होता. आणि तरी मुलाचें नुकसान झालें. दोष कोठें होता? शब्द लिहिला होता, पण तो शब्द कोणत्या काळचा व कोणत्या राज्यांतला, हें यंत्रास विचारण्याची सोयच कोणीं केली नव्हती.

वाचकांनीं असें समजूं नये कीं, हा घोटाळा स्थलनामांपुरताच आहे. शिवकालीन पत्रांत ‘मावळ’ शब्द येतो, तेव्हां त्यांत गुंजण मावळ, कानद मावळ, हिरडस मावळ अशीं खोरीं अभिप्रेत असतात; आजच्या नकाशांत मावळ म्हणजे वडगांवचा तालुका. परंतु नांवें सोडून द्या. अंक तरी निरपवाद असतील असें वाटतें. जमिनीच्या जुन्या कागदावर क्षेत्र ‘१-२०’ असें लिहिलें आहे. तें एकर-गुंठ्यांत असेल तर दीड एकर झालें, कारण एकराचे गुंठे चाळीस. मेट्रिक पद्धति आल्यानंतरच्या कागदावर तेंच ‘१-२०’ हेक्टर-आरांत असेल, तर हेक्टराचे आर शंभर, आणि जमीन तीन एकरांस जेमतेम दीड गुंठा कमी! अक्षरें तींच, मधली रेघ तीच. आणि जमीन जवळजवळ दुप्पट. भावाभावांत बांधाच्या हातभर जागेवरून डोकीं फुटतात त्या देशांत हा फरक लहान म्हणतां येईल काय?

कालगणनेचें तसेंच. पेशवाईंतल्या एखाद्या कागदावर नुसतें ‘सन ११७०’ असें असलें, तर तें कोणतें साल? हिजरी मानलें तर इसवी सन १७५६-५७. फसली मानलें तर १७६०-६१, म्हणजे पानिपताचें वर्ष. आणि शुहूर मानलें तर १७६९-७०. पहिल्या अर्थानें नानासाहेब पेशवे गादीवर आहेत, दुसऱ्या अर्थानें राष्ट्रावर आकाश कोसळत आहे, आणि तिसऱ्या अर्थानें थोरले माधवराव तें सांवरून धरीत आहेत. चार आंकड्यांत तीन युगें! त्यांपैकीं कोणतें खरें हें त्या आंकड्यांत नाहीं. तें कागद कोणत्या दफ्तरांतला, त्यावर महिना कोणत्या पद्धतीचा, शिक्का कोणाचा, यांत आहे.

आणि कायद्याच्या शब्दांची गोष्ट तर सर्वांत गंभीर. ‘कूळ’ हा शब्द घ्या. सोयरिकीच्या बैठकींत कूळ म्हणजे घराणें. सातबाऱ्यावर कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. पण तेथेंहि अर्थ स्थिर नाहीं. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ या कायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ या दिवशीं, कायद्यांतील अपवाद वगळतां, जमीन कसणारें कूळ त्या जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें. म्हणजे ३१ मार्चला ‘कूळ’ या शब्दाचा अर्थ खंड देणारा असा होता, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच शब्दांत मालकीचा हक्क येऊन बसला. शाई बदलली नाहीं, अक्षर बदललें नाहीं. दिनांकानें अर्थ बदलला. हा शब्द दिनांकावेगळा करून यादींत ठेवणारा मनुष्य नकळत एका कुटुंबाची जमीन हातांत घेऊन बसलेला असतो.

आणखी एकच उदाहरण, आणि तें तर शब्द नसण्याचें आहे. जुना जाणता कारकून एखादा रकाना रिकामा ठेवीत नसे; सांगण्यासारखें कांहीं नसेल तर तो ‘निरंक’ लिही. निरंक म्हणजे ‘पाहिलें, आणि कांहीं नाहीं’. रिकामी जागा म्हणजे ‘पाहिलें कीं नाहीं, कोण जाणे’. संगणकावर नोंदी चढवितांना हीं दोन्हीं एकाच रिकाम्या चौकटींत ढकललीं, म्हणजे साक्ष देणारा आणि गैरहजर राहिलेला असे दोन साक्षीदार एकाच मापानें मोजले गेले.

संगणकशास्त्रांत या प्रश्नाचा विचार झालेलाच नाहीं असें नाहीं. किंबहुना त्यासाठीं एक स्वतंत्र विद्याच निर्माण झाली आहे, आणि तिनें आपलें नांव आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांतून उसनें घेतलें आहे. ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणजे सत्ताशास्त्र: जगांत काय काय आहे, तें कोणत्या प्रकारचें आहे, आणि त्याचे परस्परसंबंध कोणते, याचा विचार. सन १९९३ मध्यें टॉम ग्रुबर यांनीं संगणकापुरती तिची व्याख्या केली. तिचा भावार्थ असा कीं, एखाद्या विषयांतील आपल्या कल्पनांची उघड व नेमकी मांडणी म्हणजे ऑन्टॉलॉजी. ‘उघड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जें अव्वल कारकुनाच्या डोक्यांत होतें तें कागदावर येणें, हाच तिचा उद्देश.

या विद्येच्या आरडीएफ नांवाच्या मांडणींत एक नियम आहे, तो व्याकरण शिकलेल्या वाचकास तात्काळ समजेल. तेथें प्रत्येक विधान तीन पदांचें असतें: उद्देश्य, संबंध आणि त्या संबंधाचें दुसरें टोंक. हें दुसरें टोंक एखादी स्वतंत्र ओळख असलेली वस्तु असूं शकतें, किंवा नुसता मजकूर असूं शकतो. मात्र नुसता मजकूर विधानाचा उद्देश्य कधींहि होऊं शकत नाहीं. म्हणजे ‘या गांवाचा तालुका “राजगड”’ असें मजकुरानें लिहिलें, कीं त्या ‘राजगड’ विषयीं पुढें एक अक्षरहि बोलतां येत नाहीं. तो कोणत्या राज्यांतला, केव्हांपासूनचा, कोणाच्या हुकुमानें पडलेला, हें सांगावयास जागाच उरत नाहीं. मजकुरास फार तर ‘हा मराठी आहे’ अशी भाषेची चिठ्ठी लावतां येते. पण संस्थानी राजगडहि मराठी आणि आजचा राजगडहि मराठी! मजकूर ही वाट जेथें संपते ती भिंत आहे. वस्तु ही जेथून पुढें जातां येतें ती चौकी आहे. आमच्या तरुण मित्राची चूक नेमकी हीच कीं, त्यानें तालुका ही वस्तु मानली नाहीं, मजकूर मानला. आणि मजकूर मानल्यावर त्यास बदलण्यापलीकडे दुसरें कांहीं सुचणें शक्यच नव्हतें.

ही दृष्टि पश्चिमेकडून आलेली नवलाई आहे, असाहि समज कोणी करून घेऊं नये. शब्दाचा अर्थ प्रसंगानें ठरतो, हें आमच्या शास्त्रकारांस पूर्ण ठाऊक होतें. जेवणाच्या पानावर बसलेल्यानें सैंधव मागितलें तर मीठ आणावें, आणि प्रवासास निघालेल्यानें मागितलें तर सिंधुदेशचा घोडा आणावा, हें उदाहरण संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येकानें ऐकलेलें असतें. भर्तृहरीनें वाक्यपदीयांत अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरविणारीं कारणें गणून दाखविलीं आहेत. साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काल हीं त्यांतच येतात. अमरसिंहानें आपल्या कोशांत शब्द विषयवार वर्गांत लाविले, आणि ज्यांचे अर्थ अनेक, त्यांच्यासाठीं नानार्थवर्ग निराळा काढला. आज जें संगणकास शिकवावें लागत आहे, तें आमच्या पाठशाळेंत मुलांस शिकवीत असत. खेद एवढाच कीं, आम्ही तें परीक्षेपुरतें ठेविलें आणि कचेरींत जातांना दाराबाहेर ठेवून गेलों.

नामांतराचाच दाखला हवा असेल तर तो प्रत्यक्ष शिवशाहींतला आहे. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या हातून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. दरबारांत रूढ झालेल्या फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणें हा त्याचा हेतु. याहून मोठें नामांतर महाराष्ट्रानें क्वचितच पाहिलें असेल. पण त्या कोशाची रचना पाहा. नवा शब्द दिला, तो ज्या जुन्या शब्दासाठीं दिला त्याच्या शेजारीं दिला. जुना शब्द गाळला असता तर तो कोशच राहिला नसता. शिवाय शब्द वर्गांत घातले: राजवर्ग निराळा, शस्त्रवर्ग निराळा, दुर्गवर्ग निराळा, लेखनवर्ग निराळा. म्हणजे हा शब्द कोणत्या व्यवहारांतला, हें शब्दाच्या जागेवरूनच कळावें. ज्यांनीं भाषा बदलण्याचें धाडस केलें त्यांनीं जुनी भाषा पुसली नाहीं. आणि आम्ही त्यांच्या गडाचें नांव घेऊन जुन्या कागदांवर बोळा फिरवावयास निघालों आहों!

आतां उपाय. तो शोधण्यास वेल्ह्याच्या चावडीबाहेर जावयास नको. आमच्या तलाठ्यास (आतां त्यालाहि ग्राम महसूल अधिकारी असें नवें नांव मिळालें आहे) हा उपाय पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. खातेदार मरण पावला किंवा त्यानें जमीन विकली, म्हणजे सातबाऱ्यावरील त्याचें नांव पुसून टाकीत नाहींत. त्या नांवास कंस करतात, नवें नांव लिहितात, आणि जवळ फेरफाराचा क्रमांक घालतात. तो क्रमांक घेऊन गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही उघडली, कीं बदल केव्हां झाला, कशामुळें झाला, कोणीं मंजूर केला, हें सारें सांपडतें. पाहा, केवढी थोर ही रीत! जमीन ही वस्तु एका जागीं, तिचा गट नंबर ही तिची ओळख. नांवें येतात आणि जातात. आणि प्रत्येक येण्याजाण्याची स्वतंत्र, दिनांकित, सही झालेली नोंद. ऑन्टॉलॉजीवरील ग्रंथांत जी तत्त्वें मोठ्या परिभाषेनें मांडलेलीं असतात, तीं आमच्या चावडींत एका कंसांत मावलीं आहेत.

आमची मागणी इतकीच कीं, जो मान खातेदाराच्या नांवास मिळतो तो तालुक्याच्या नांवासहि मिळावा. तालुका ही वस्तु म्हणून नोंदावी व तिला कधीं न बदलणारा एक क्रमांक द्यावा. नांवें ही त्या वस्तूपाशीं जोडलेली निराळी नोंद असावी: नांव काय, केव्हांपासून, केव्हांपर्यंत, कोणत्या अधिसूचनेनें. संस्थानी राजगड ही निराळी वस्तु म्हणून नोंदावी आणि तिची अखेर कोठें झाली तेंहि लिहावें. जुन्या कागदावर जें अक्षर आहे तें जसेंच्या तसें ठेवावें, आणि ‘हें अक्षर आमच्या मतें अमुक वस्तूस उद्देशून आहे’ हें मत शेजारीं, मत देणाराच्या नांवानिशीं लिहावें. तसेंच प्रत्येक रकान्यानें आपलें एकक, आपला शक आणि आपला कायदा स्वतःच्या माथ्यावर वागवावा. हें अशक्य नाहीं, याचा पुरावा सरकारनेंच दिला आहे. सन २०२० मध्यें सातबाऱ्याचा नमुना सुधारला, तेव्हां क्षेत्राचें एकक स्पष्ट छापण्याची आणि गांवाच्या नांवाबरोबर त्याचा सांकेतांक देण्याची व्यवस्था झाली. जगांतहि हीच दिशा आहे. विकिडेटा या सार्वजनिक ज्ञानसंग्रहांत एखादें विधान केलें, तर ‘केव्हांपासून’ व ‘केव्हांपर्यंत’ अशीं विशेषणें त्याच विधानास जोडतां येतात. योग्य दिशेनें पाऊल पडलें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दुसरें पाऊल मागें घेऊं नका.

यावर तीन आक्षेप येतात. त्यांचा परामर्श घेणें अवश्य आहे. पहिला आक्षेप खर्चाचा. एवढा व्याप करावयास वेळ कोणास आहे, असें विचारतात. आम्ही मान्य करतों कीं, सर्वत्र हा व्याप नको. वाण्याच्या यादींत ‘सैंधव’ असलें तर तेथें घोड्याचा विचार करण्याचें प्रयोजन नाहीं. नुसता मजकूर पुरे. ज्या शब्दावर कोणाचा हक्क किंवा कशाचा इतिहास अवलंबून आहे, तेवढ्यापुरतीच ही काळजी घ्यावी. परंतु तेथें मात्र खर्चाची सबब चालणार नाहीं. कारण तो खर्च वांचत नाहीं. तो केवळ दुसऱ्याच्या माथीं जातो. कचेरीचीं पांच मिनिटें वांचतात, आणि डोंगरांतल्या मुलाला तीन खेपा पडतात. उंटावरून शेळ्या हांकणाऱ्यास पायांखालची वाट दिसत नाहीं, म्हणून ती वाट सपाट ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप शिस्तप्रिय मंडळींचा. ते म्हणतात, एक प्रमाण शब्दावली ठरवा. एका शब्दास एकच अर्थ, आणि भांडण मिटलें. पुढें लिहावयाच्या कागदांस ही शिस्त लावावी. आम्ही तिचें स्वागत करूं. पण मागचे कागद या शब्दावलीस विचारून लिहिलेले नाहींत. आणि पुढच्या कागदांतहि ही शिस्त फार काळ टिकत नाहीं, कारण शब्दांचे अर्थ विद्वानांच्या समित्या एकट्याच ठरवीत नसतात. कायदेमंडळ ठरवितें, बाजार ठरवितो, काळ ठरवितो. ‘कूळ’ शब्दाचा अर्थ एका रात्रींत बदलला तो कोणत्या कोशकाराच्या चुकीनें?

तिसरा आक्षेप सर्वांत नवा आणि सर्वांत मोहक. ‘आजचीं भाषायंत्रें इतकीं हुषार झालीं आहेत कीं, संदर्भावरून अर्थ तीं स्वतःच ओळखतील, तुम्ही मजकूर तेवढा द्या.’ आम्ही हीं यंत्रें पाहिलीं आहेत आणि त्यांच्या हुषारीबद्दल आम्हांस कौतुकच आहे. पण संदर्भावरून अर्थ ओळखण्यासाठीं संदर्भ शिल्लक असावा लागतो. ज्या नोंदींतून तुम्ही राज्य पुसलें, साल पुसलें, एकक पुसलें, मूळ अक्षर पुसलें, तिच्यांतून यंत्र काय ओळखणार? सैंधव मागणारा जेवत आहे कीं निघाला आहे हें झांकून ठेवल्यावर बृहस्पतीलाहि मीठ कीं घोडा हें सांगतां यायचें नाहीं. शिवाय ओळखणें वेगळें आणि जबाबदारी घेणें वेगळें. यंत्राचा तर्क दहांत नऊ वेळां खरा ठरेल. पण दहाव्या वेळीं ज्याची जमीन जाईल त्यानें कोणापाशीं दाद मागावी? फेरफाराखालीं मंजूर करणाराची सही असते. तर्काखालीं कोणाची असते?

असो. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा तालुक्यांच्या याद्यांशीं संबंध येत नसेल. पण जुन्या कागदांशीं येतोच. अनेक घरांतून आज वंशावळी छापल्या जात आहेत, आजोबांच्या वह्या संगणकावर उतरविल्या जात आहेत, आणि तें काम घरांतलीं तरुण मुलें हौसेनें करीत आहेत. त्यांस एवढेंच सांगावें: आजोबांनीं जें लिहिलें तें तसेंच उतरून घ्या. त्यांनीं ‘भोर संस्थान’ लिहिलें असेल तर ‘पुणें जिल्हा’ करूं नका; ‘शके’ असेल तर तो आंकडा खोडून इसवी सन घालूं नका; बिघे असतील तर एकर करूं नका. तुम्हांस आजचा अर्थ ठाऊक असेल, तर तो शेजारीं लिहा, आणि ‘हें मीं लिहिलें’ म्हणून खालीं आपलें नांव घाला. तुमचा अर्थ उद्यां चुकीचा ठरला तरी मूळ अक्षर जागच्या जागीं असेल, आणि तुमच्या नातवास तें पुन्हां वाचतां येईल.

आणि आमच्या त्या तरुण मित्रास, ज्याच्या बुद्धीविषयीं आम्हांस यत्किंचितहि शंका नाहीं, आमचा निरोप असा: पांच मिनिटांची आज्ञा देण्यापूर्वीं एक दिवस वेल्ह्याच्या चावडींत जाऊन बसा, आणि जुना सातबारा समोर घेऊन त्यावरील कंस मोजा. त्या प्रत्येक कंसांत एक मनुष्य आहे, जो आज नाहीं, पण ज्याच्यामुळें आजचा मनुष्य आहे. राजगड हें नांव अभिमानानें लिहा. वेल्हे या नांवास कंस करा, शेजारीं फेरफाराचा क्रमांक घाला. पुसूं मात्र नका.